थंडीत .२२ पिस्तूल अडकतंय, स्टँडर्ड काडतुसाला पुंगळी बाहेर पडत नाही. काय करू?

कोरेगावचा_मास्तर · ६ जानेवारी, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. नेहमी वाचनमात्र असतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

मी शिक्षक. चाळिशी उलटल्यावर नेमबाजीचं खूळ डोक्यात शिरलं. परवान्यावर .२२ चं स्पोर्ट पिस्तूल आहे, २५ मीटर प्रकारासाठीचं. सेमी ऑटोमॅटिक, पाच गोळ्यांचं मॅगझिन. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी साताऱ्याला रेंजवर जातो. सकाळी सातला पोहोचायचं म्हणजे घरून सहाला निघायचं, सध्याच्या थंडीत बायको मला वेडा म्हणते ते उगाच नाही.

दिवाळीनंतर त्रास सुरू झाला. गोळी उडते, निशाण ठीक लागतं, पण पुंगळी (गोळी गेल्यावर उरणारं रिकामं पितळ) बाहेर पडत नाही. कधी चेंबरातच (नळीच्या मागे काडतूस बसतं तिथे) राहते, कधी बोल्टमध्ये (मागेपुढे सरकतो त्या भागात) उभी अडकते. दोनदा नुसतंच 'टक' झालं, काडतूस उडालंच नाही. पन्नास गोळ्यांत अकरा वेळा थांबावं लागलं. हे सगळं स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या काडतुसांना. एका मित्राकडची हाय व्हेलॉसिटीची दहा काडतुसं चालवून पाहिली, ती दहाच्या दहा बिनबोभाट गेली. म्हणजे दोष गोळीचा ना? ब्रँड बदलू? की स्प्रिंग हलकी टाकू? पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे.

(घरात कडबाकुट्टी कुरकुरतेय, रेंजवर पिस्तूल. दोन्हीकडची बोलणी मीच खातोय.)

---

पेढेवाला_राजवाडा · ६ जानेवारी, रात्री ९:४०

विषयातलं काडीचं कळत नाही, पण जागा पकडून बसतो. चहा सांगितलाय.

---

गणितमास्तर · ६ जानेवारी, रात्री १०:२५

दोष गोळीचा म्हणण्याआधी आकडे बघू. चाळीस ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅमची शिशाची गोळी दोन्हीत तीच. हाय व्हेलॉसिटी सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास, स्टँडर्ड ३२५ च्या आसपास. वेग पंधरा टक्के कमी, म्हणजे मागे बसणारा धक्काही जवळजवळ तेवढाच कमी. ऊर्जा धरली तर पाव हिश्श्याहून जास्त कमी. शिवाय डब्यावरचे आकडे बहुधा रायफलच्या लांब नळीचे असतात, पिस्तुलाच्या आखूड नळीतून वेग आणखी उतरतो.

आता कुणी म्हणेल, मग जोराचीच गोळी का वापरू नये. २० अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, १२ अंशांना ३३८ च्या जवळ. जोराची गोळी त्या वेगापेक्षा वरून निघते आणि वाटेत खाली येते. हा उंबरठा ओलांडताना ती डळमळते, म्हणून ५० मीटरचे रायफलवाले तिला हात लावत नाहीत. तुमच्या २५ मीटरला ती अडचण तेवढी नाही, पण धक्का वाढतो आणि रॅपिडला (सामन्याच्या जलद भागात) तीन सेकंदांत हात परत जागेवर आणायचा असतो. तेव्हा सामन्याची काडतुसं हळूच असणार. पिस्तूलही त्याच हिशोबानं बनवलेलं असतं. ते स्टँडर्डवर चालायलाच हवं. चालत नसेल तर मधे काहीतरी धक्का खातंय.

---

वाडीचा_वाघ · ७ जानेवारी, सकाळी ७:०२

स्प्रिंगचे दोन वेढे कापून टाका. मोकळं.

---

आर्मरर_अपशिंगे · ७ जानेवारी, सकाळी ७:३८

वाघोबा, कापायला ती काय शेवग्याची शेंग हाय का? तुम्ही कृपा करून स्प्रिंगपासनं लांब ऱ्हावा.

मास्तर, राम राम. मी फौजेत चोवीस वर्षं आर्मरर, म्हंजे हत्यारं दुरुस्त करणारा, व्हतो. एसएलआर, इन्सास रायफली, एलएमजी मशीनगन, सगळ्यांची पोटं उघडून बघितली. तुमचं पिस्तूल मी हातात घेतलेलं न्हाय, तवा आधी प्रश्न.

एक, पिस्तूल सकाळीच अडकतंय का दिवसभर? दोन, मॅगझिनं किती, आणि अडकतंय ते सगळ्यांत का एकाच मॅगझिनात? तीन, पुंगळी नेमकी कुटं बसलेली दिसती? चार, तेलपाणी काय आणि कवा केलं?

उत्तर द्यायच्या आधी पिस्तूल हातात घ्याल तर मॅगझिन काढा, बोल्ट मागं घ्या, चेंबरात डोळ्यानं बघा आणि करंगळी घालून बघा. माझ्या हाताखाली एक जवान व्हता, 'साहेब खाली हाय', म्हंजे रिकामी, म्हनला आणि खाली नव्हती. छताला भोक पडलं एवढ्यावर निभावलं.

---

कोरेगावचा_मास्तर · ७ जानेवारी, संध्याकाळी ६:५५

साहेब, धन्यवाद. खरं सांगू, हे प्रश्न मला स्वतःला पडायला हवे होते. वही काढली. (मी रेंजवर वही ठेवतो, धंद्याची सवय.)

सकाळीच जास्त. अकरापैकी नऊ अडथळे पहिल्या पंचवीस गोळ्यांत. नऊ वाजल्यावर ऊन आलं की सुधारतं. डिसेंबरात एकदा दुपारी गेलो होतो तेव्हा एकदाच अडकलं. मॅगझिनं तीन, पण कुठलं कुठलं ते लिहिलेलं नाही. पुंगळी बहुतेक वेळा उभी अडकते. दोन-तीनदा आत राहिली. एकदा पुंगळी उडाली पण नवी गोळी वर आलीच नाही, बोल्ट रिकाम्यावरच बंद.

तेलपाणी दसऱ्याला केलं. शस्त्रपूजनाच्या आधी स्वच्छ पुसून, तेल लावून.

---

आर्मरर_अपशिंगे · ७ जानेवारी, रात्री ८:३०

हां, आता काहीतरी हाताला लागलं. जरा सविस्तर लिवतो, घाईत वाचू नका.

तुमचं पिस्तूल ब्लोबॅक. म्हंजे आमच्या एसएलआरसारखं त्यात कुलूप न्हाय, ग्यास न्हाय, पिस्टन न्हाय. गोळी पुढं जाती, पुंगळी मागं ढकलती, आणि त्या ढकलण्याला आडवा फकस्त बोल्टचा वजन आणि मागची स्प्रिंग. एवढाच संसार. ह्या ढकलण्यातनंच सगळी कामं भागवायची: पुंगळी चेंबरातनं ओढायची, इजेक्टरवर आपटून भाईर फेकायची, हातोडा परत चढवायचा, स्प्रिंग दाबायची, परत येताना नवा राउंड, म्हंजे काडतूस, उचलायचा. पगार कमी आणि खाणारी तोंडं जास्त असं घर समजा. जोराच्या काडतुसाला पगार वाढीव असतो, म्हणून कुनी चार पैसे चोरलं तरी कळत न्हाय. स्टँडर्डला चोरी लगेच उघडी पडती.

आता चोर कुठला, ते पुंगळी सांगती. पुंगळी चेंबरातच पुरी राहिली तर एकतर बोल्ट हललाच न्हाय, न्हायतर चेंबर घाण हाय किंवा पुंगळी ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरचा नखा झिजलाय. पुंगळी उभी राहिली, आपल्या गुऱ्हाळाच्या धुराड्यावानी, तर ओढली गेली खरी, पण बोल्ट इजेक्टरपातूर नेटानं पोचला न्हाय. पुंगळी उडाली आणि नवा राउंड आला न्हाय, तर बोल्ट अजून पुढपर्यंत गेला, पण मॅगझिनातल्या राउंडाच्या बुडामागं जायच्या आधीच परतला. ही तिन्ही एकाच रोगाची कमीजास्त लक्षणं: चाल अपुरी. आणि पुंगळी उडाली, नवा राउंड आला, पण नाक खाली घालून रॅम्पवर (चेंबरात चढायच्या उतारावर) अडकला, तर ते मात्र मॅगझिनाकडं बघा.

तुमच्याकडं चाल अपुरी हाय आणि थंडीत जास्त अपुरी. थंडीत दारू जरा सावकाश जळती, हे एक. पर तेवढ्यानं पन्नासात अकरा न्हाय व्हत. थंडीत घट्ट व्हनारं अजून काहीतरी आत हाय. दसऱ्याला तेल लावलं म्हनता, कुठलं तेल?

---

नारळीपौर्णिमा · ७ जानेवारी, रात्री ८:४४

खोबरेल असणार! आमच्या आजोबांच्या बारा बोअरला माझे चुलते खोबरेल लावायचे. थंडीत ते पार थिजायचं. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं, साताऱ्यात जानेवारीत ते डब्यातून चमच्यानं काढावं लागतं.

---

कोरेगावचा_मास्तर · ७ जानेवारी, रात्री ९:०५

खोबरेल नाही हो. एवढा अडाणी नाही मी. बंदुकीच्या तेलाची बाटली आहे.

---

दारूबंदी · ७ जानेवारी, रात्री ९:३१

शिक्षकाला पिस्तूल कशाला लागतं ते कळलं तर बरं. पोरांनी गृहपाठ केला नाही की काय?

---

कृष्णाकाठ_सांगली · ७ जानेवारी, रात्री १०:१०

दारूबंदी, हा ऑलिंपिकचा खेळ आहे. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूललाच सुवर्ण जिंकलं, आणि तिथल्याच स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य आणलं. असो.

मास्तर, तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य वाचून मी दचकलो. 'काडतूस उडालंच नाही' आणि 'पुंगळी आत राहिली.' त्यावर माझी गोष्ट सांगतो, मोठी आहे.

ऑगस्ट २०१९ चा महापूर. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आमच्या घरात तळमजल्यावर छातीएवढं. माझी .२२ ची बोल्टवाली रायफल वरच्या मजल्यावर होती, वाचली. काडतुसांचे चार डबे मात्र खालच्या लोखंडी कपाटात राहिले. पाणी ओसरल्यावर डबे लगदा झालेले, काडतुसं मात्र पितळ पुसल्यावर चकाचक दिसत होती. जीव होईना टाकायला. उन्हात वाळवली, वेगळ्या डबीत भरली, आणि सहा महिन्यांनी रेंजवर नेली. सरावाला काय होतंय म्हणून.

पहिल्या दहा ठीक. अकरावीला आवाज वेगळा आला. 'फाट' नाही, 'फुस्स'. सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह दाबल्यावर येतो तसा. धक्का काहीच नाही. मला वाटलं फुसकं काडतूस. बोल्ट उघडला, पुंगळी काढली, नवी गोळी घातली, बोल्ट बंद केला. बोट ट्रिगरवर जायचंच होतं आणि मागून रेंज ऑफिसर ओरडला, 'थांबा! भोक कुठंय?' कागदावर दहाच भोकं होती.

रायफल खाली करून नळीत सळई घातली तर निम्म्यावर अडली. शिशाची गोळी मध्येच बसलेली. तिच्या मागून दुसरी उडवली असती तर नळी नक्की फुगली असती, आणि गाल तिथून हातभर अंतरावर. त्या दिवशी घरी येईपर्यंत मी कुणाशी बोललो नाही.

.२२ च्या काडतुसाची गोळी पुंगळीच्या तोंडात नुसती मुरडून बसवलेली असते. वरचं मेण थोडा दमटपणा अडवतं, पूर नाही अडवत. पुढची सगळी काडतुसं मी रीतसर पोलीस ठाण्यात जमा केली. नदीत टाकू नका, भंगारात तर अजिबातच नको.

---

पेढेवाला_राजवाडा · ७ जानेवारी, रात्री १०:१८

चहा गार झाला माझा.

---

आर्मरर_अपशिंगे · ८ जानेवारी, सकाळी ६:५०

कृष्णाकाठ, तुमच्या त्या रेंज ऑफिसरला माझा सलाम सांगा.

मास्तर, ही गोष्ट तुम्हाला सेमीवाल्याला जास्त लागू. फौजेत आमच्या हाताला सवय असती: रायफल अडली, मॅगझिन ठोक, कॉक कर, फायर. लढाईत ते बरोबर, तिथं समोर कुनी उभा असतो. पर रेंजवर हळू काडतुसानं बोल्ट अर्धाच आला, की तुमचा हात आपसूक तेच करणार. आणि नळीत गोळी अडकली तरी लक्षण तेच दिसतं: बोल्ट आला न्हाय. म्हणून आवाज हलका वाटला, धक्का लागला न्हाय, कागदावर भोक दिसलं न्हाय, ह्यातलं एक जरी झालं तरी पिस्तूल समोर धरून थांबा. नुसतं 'टक' होऊन उडालं न्हाय तर आधी तीस सेकंद तसंच समोर धरा, कवा कवा उशिरा उडतं. मग मॅगझिन काढा, चेंबर खाली करा, मागनं नळीत उजेड दिसतो का बघा. उजेड न्हाय तर त्या दिवसाचं काम संपलं. अडकलेली गोळी दुसऱ्या गोळीनं काढायची नसती, हे सांगायला लागू नये, पर मी सांगतो, कारन मी बघितलंय.

आणि ते न उडालेलं दोन काडतुसं टाकली का ठेवली? त्यांच्या बुडाच्या कडेवर पिनचा ठसा कसाय ते बघून सांगा. .२२ ला पेटवणारं बारूद कडेच्या घडीत असतं, पिन तिथं जोरात बसली पायजे.

---

टेक्सासचा_मिरजकर · ८ जानेवारी, सकाळी ९:२०

इथून थोडी भर. माझ्याकडे इथे रुगर १०/२२ रायफल आहे, १९६४ पासून बनतेय, तीही ब्लोबॅक. सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी वेगाच्या) काडतुसांना ती नवीन असताना कुरकुरायची. मी अतिशहाणपणा केला, स्प्रिंगचे वेढे कापले (वाघोबा, हे तुमच्यासाठी). सबसॉनिक छान चालायला लागली. मग एका दिवशी हाय व्हेलॉसिटीचा डबा घेतला आणि बोल्ट मागच्या पिनवर असा आदळू लागला की कानाला कळत होतं. पुढे येताना जोर कमी, म्हणून शेवटचे राउंड नीट आत बसेनात. एक दुखणं घालवून दोन घेतली. नवीन मूळ स्प्रिंग टाकली, चेंबर घासून साफ केलं, बोल्टच्या खालची बाजू स्वच्छ केली आणि त्याच सबसॉनिकवर चालू लागली. म्हणजे स्प्रिंगचा दोष नव्हताच.

मित्राच्या एआर रायफलचं वेगळं. त्याची .३०० ब्लॅकआउट, ग्यासवर चालणारी. त्यात सबसॉनिक गोळी २२० ग्रेनच्या घरातली जड, पण दारू थोडी. ग्यासचं भोक नळीत फार पुढे असेल तर तिथे पोचेपर्यंत जोर उरत नाही, म्हणून त्या काडतुसासाठी भोक चेंबरजवळ घेतात. त्यातली खूण अशी: शेवटची गोळी उडाल्यावर बोल्ट मागे अडकून राहायला हवा. राहिला नाही तर चाल अपुरी. रिकाम्या मॅगझिनात एकेक गोळी घालून तपासतात.

---

वाडीचा_वाघ · ८ जानेवारी, सकाळी ९:४५

बरं बरं. नाही कापत.

---

कलम_पाच · ८ जानेवारी, सकाळी १०:३०

कायद्याचं एकच. परवानाधारकानं आपलं हत्यार पुसणं, तेल लावणं, सुटे भाग उघडून साफ करणं ठीक. दुरुस्तीचा व्यवसाय मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ खाली परवान्याचा विषय आहे. गावातल्या लेथवाल्याकडे बोल्ट घासायला नेऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी. तो अडचणीत येईल, तुम्हीही.

---

आर्मरर_अपशिंगे · ८ जानेवारी, दुपारी १:१५

मिरजकरांनी ग्यासचं काढलं म्हणून आठवलं. आमची ७.६२ ची एसएलआर, इशापूरची. नळीला भोक, तिथनं ग्यास येऊन पिस्टनला ठोसा मारायची. भोवती रेग्युलेटरची कडी. ती उघडी ठेवली की जादा ग्यास भाईर, ठोसा हलका. बंद करत नेली की ठोसा जड. नवा जवान काय करायचा, रायफल अडली की कडी पार बंद. चालायची झकास, पर खांदा सुजायचा आणि भागांचं आयुष्य घटायचं. रीत अशी की उघडी ठिवून सुरू करायची, एकेक टिच बंद करत जायची, पुंगळी नीट पडायला लागली की वर दोन टिच सवलत द्यायची. घाण, थंडी, धूळ यासाठी.

आणि ब्लँक राउंड! त्यात गोळीच न्हाय, मग ग्यास कोंडणार कशाला? समोरनं मोकळी. तोंडाला ब्लँकवालं उपकरण लावल्याशिवाय चाल व्हायचीच न्हाय, दर राउंडाला हातानं कॉक. एका सरावाच्या रात्री आख्खी पलटण 'खट् फुट, खट् फुट' करत चालली व्हती, वर चांदणं. हसावं का रडावं.

मुद्दा असा, की ग्यासवाल्या हत्याराला कडी फिरवून सोय हाय. तुमच्या ब्लोबॅकला कडीच न्हाय. तुमची कडी म्हंजे साफसफाई. आता सांगा मास्तर, बोल्टच्या वाटंवर काय लावलंय? तेलाची बाटली हाय म्हनलात. लावलंय काय, ते न्हाय सांगितलं.

---

कोरेगावचा_मास्तर · ८ जानेवारी, रात्री ९:५०

आता लाज गुंडाळून सांगतो.

दसऱ्याला तेलाची बाटली संपत आली होती. बोल्टच्या दोन्ही कडांना आणि स्प्रिंगच्या खाचेत मी ग्रीस लावलं. कडबाकुट्टीच्या बेअरिंगचं. पिवळं, घट्ट. मला वाटलं, बेअरिंगला चालतं ते याला चाललंच पाहिजे, आणि पातळ तेल उडून जातं. थोडंसंच लावलं होतं. (थोडंसं म्हणजे बोटभर.)

आज साहेबांचं वाचून कपाट उघडलं. पिस्तूल खाली असल्याची तीनदा खात्री केली, करंगळीसकट. बोल्ट काढला. खाचेतलं ग्रीस काळं पडून मेणबत्तीसारखं झालंय, त्यात शिशाचे कण आणि न जळलेल्या दारूचे हिरवट दाणे रुतलेत. नखानं ओढलं तर वडीसारखं निघालं. पिनच्या भोकातही शिरलंय. न उडालेली दोन काडतुसं क्लबात रीतसर दिली होती, पण फोटो होता. पिनचा ठसा शेजारच्यांपेक्षा उथळ दिसतोय.

चेंबरच्या तोंडाशी बॅटरी मारली तर आत गोल काळी कडी.

---

नारळीपौर्णिमा · ८ जानेवारी, रात्री ९:५८

खोबरेल परवडलं असतं.

---

पेढेवाला_राजवाडा · ८ जानेवारी, रात्री १०:०१

बोटभर :D :D

---

आर्मरर_अपशिंगे · ८ जानेवारी, रात्री १०:४०

हसू नका रे, कबूल करायला छाती लागती. माझ्याकडं कंपनीचे कंपनी यायचे, 'साहेब काहीच लावलं नाही' म्हनत, आणि आत अर्धा डबा.

आता हातात वेळ घेऊन करा. पुस्तिकेत जेवढं उघडायला सांगितलंय तेवढंच उघडा. ग्रीस सगळं काढा, कापडानं, जुन्या दातांच्या ब्रशनं, बंदुकीच्या सॉल्व्हंटनं. रॉकेल लावलं तर ते मागं पार सुकवून घ्या. पिनच्या भोकात तेल न्हाय, ग्रीस न्हाय, कोरडं. बोल्टच्या वाटंवर पातळ तेलाचा एक थेंब, बोटानं पसरून, पुसून. दिसलं न्हाय पायजे, हाताला लागलं पायजे.

चेंबरातली काळी कडी म्हंजे गोळीवरचं मेण आणि काजळी, भाजून बसलेली. तिच्यामुळं काडतूस पुरतं आत बसत न्हाय. पिनचा थोडा जोर ते आत सरकवण्यातच जातो, म्हणून 'टक'. आणि उडाल्यावर पुंगळी त्या कडीला चिकटती, ओढायला जास्त जोर. पितळी ब्रशला सॉल्व्हंट लावून चेंबरात फिरवा, पंधरा मिनटं भिजू द्या, परत फिरवा. पोलादी ब्रश, स्क्रू ड्रायव्हर, सुरीचं टोक असलं काही आत घालायचं न्हाय. .२२ चं चेंबर एकदा ओरखडलं की पुंगळी कायमची अडती. कोरड्या सरावाला रिकाम्या चेंबरावर ट्रिगर ओढत असाल तर तेबी पुस्तिकेत बघा. काही हत्यारांत पिन चेंबरच्या कडेवर आपटून तिथं बोचा पडतो.

काडतुसांना तेल लावून बघू का असं कुनीतरी विचारणारच, म्हणून आधीच: न्हाय. तेलकट पुंगळी चेंबरला धरत न्हाय, बोल्टवर जादा दणका देती. काडतुसं हीटरवर, गाडीच्या काचेखाली तापवायची न्हाईत. सकाळी जाकिटाच्या आतल्या खिशात डबा ठिवा, तेवढी ऊब बास.

मॅगझिनांना नंबर टाका. एका वेळी एकच गोष्ट बदला, न्हायतर कशानं बरं झालं तेच कळायचं न्हाय.

---

रॅपिड_तीन_सेकंद · ९ जानेवारी, सकाळी ८:१०

मीही २५ मीटरवालीच. अजून एक चोर राहिला, मनगट. पिस्तूल हलक्या काडतुसावर असेल आणि हात सैल असेल तर बोल्टबरोबर अख्खं पिस्तूलच मागे-वर जातं, बोल्टची चाल त्यात खर्ची पडते. सकाळी बोटं गारठलेली असली की पकड सैल होते, हे मी स्वतःवर पाहिलंय. पहिल्या मालिकेआधी हात चोळून गरम करते.

आणि स्पर्धेत अडकलं तर मास्तर, घाईनं बोल्ट ओढू नका. पिस्तूल समोर ठेवून दुसरा हात वर करा, रेंज ऑफिसरला बघू द्या. पुंगळी बाहेर पडली नाही, पिन पडूनही काडतूस उडालं नाही, हे मान्य होणारे अडथळे. पण तुम्ही आधीच यंत्रणेला हात लावलात तर तोच अडथळा अमान्य. माझी एक आख्खी मालिका अशी गेली, सवयीनं बोल्ट ओढला म्हणून. नियमाचं यंदाचं पुस्तक प्रशिक्षकाकडून एकदा वाचून घ्या.

---

कोरेगावचा_मास्तर · ११ जानेवारी, दुपारी १२:३०

रेंजवरून आत्ताच आलो.

शुक्रवारी रात्री दोन तास साफसफाई. चेंबरातली कडी तिसऱ्या खेपेला सुटली, चिंधी काळीकुट्ट निघाली. बोल्ट आता नुसत्या कलण्यानं सरकतो, आधी ढकलावा लागायचा. एवढा फरक माझ्या हाताला तीन महिने कसा कळला नाही, देव जाणे. रोज थोडं थोडं घट्ट होत गेलं की अंगवळणी पडतं.

मुलीच्या नेलपॉलिशनं मॅगझिनांवर १, २, ३ टाकलं. सकाळी सव्वासातला १२-१३ अंश असेल, यवतेश्वरकडून वारा. तीच जुनी स्टँडर्ड काडतुसं, त्याच लॉटची. दीडशे गोळ्या, प्रत्येक मॅगझिन दहा वेळा भरून. चार अडथळे. चारही ३ नंबरच्या मॅगझिनात, चारही वेळा गोळी नाक खाली घालून अडकलेली. पुंगळी एकदाही आत राहिली नाही, उभी राहिली नाही. 'टक' शून्य.

३ नंबरचं डोळ्यांसमोर धरलं तर डावा ओठ (वरची, गोळी धरून ठेवणारी कड) किंचित आत वळलाय. ते मी गेल्या पावसाळ्यात फरशीवर पाडलं होतं. तेव्हा वहीत लिहिलं नव्हतं.

---

आर्मरर_अपशिंगे · ११ जानेवारी, दुपारी २:०५

मास्तर, पक्कडीनं ओठ सरळ करायला जाऊ नका. आज सरळ व्हईल, स्पर्धेच्या दिवशी परत वळंल. नवं मागवा. तवर ३ नंबर लाल टेप लावून पेटीतनं वेगळं काढा. कोरड्या सरावाला चालतंय.

हाय व्हेलॉसिटीवर सगळं ठीक चाललं व्हतं म्हणून तुम्ही गोळीला दोष देत व्हता. ध्यानात आलं का, जोराची गोळी तुमचं ग्रीस झाकत व्हती.

---

टेक्सासचा_मिरजकर · ११ जानेवारी, रात्री ८:२०

म्हणजे ब्रँड नाही बदलला, स्प्रिंग नाही बदलली. इथे मी या शिक्षणाला बरेच डॉलर मोजलेत.

---

गणितमास्तर · ११ जानेवारी, रात्री ८:५५

मास्तर, १ आणि २ मध्ये शंभरपैकी शून्य. पण ऊन्ह पडल्यावरच्या गोळ्या त्यात किती? पहाटेच्या वेगळ्या मोजा.

---

कोरेगावचा_मास्तर · ११ जानेवारी, रात्री ९:१५

मोजल्यात. साडेआठच्या आत नव्वद, त्यातल्या साठ १ आणि २ च्या. उरलेल्या तीस ३ नंबरच्या, त्यात तीन अडथळे. वहीचा फोटो उद्या टाकतो.

साहेब, नवं मॅगझिन विक्रेत्याला सांगितलंय. साताऱ्याला याल तेव्हा राजवाड्यावर भेटू, पेढेवाले धाग्यावर आहेतच.

ग्रीसचा डबा कपाटातून गोठ्यात परत गेला. कडबाकुट्टीही आता गप्प झालीय. दसऱ्यापासून तिचा डबा माझ्याकडेच होता, म्हणून ती बिचारी कुरकुरत होती.